श्वास रोखायचा नाही, हात लावायचा नाही

मागच्या पालक सभेत हिवाळी सहलीचा विषय निघाला, तेव्हा अंदमानला गेल्यावर मुलांना स्कूबा डायव्हिंग करू द्यावे की नाही यावर बरीच चर्चा झाली. एका पालकांचे म्हणणे, "पैसे भरून मुलांचा जीव धोक्यात कशाला घालायचा?" दुसरे म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन पाण्यात उतरायचेच नसेल, तर इथे बसून टीव्हीवर पाहिलेले काय वाईट?" दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे होते. त्यामुळे निर्णय झाला नाही. या अंकात सविस्तर माहिती द्यावी आणि मग विश्वस्त मंडळाने व पालकांनी मिळून ठरवावे, एवढेच नक्की झाले. आमच्यापैकी दोघे शिक्षक पूर्वी स्वराज द्वीपावर जाऊन बुडी मारून आलेले आहेत, म्हणून हे लेखन आमच्या वाट्याला आले.

आपण इंदूरची माणसे. समुद्र आपल्या अंगणात नाही. महेश्वरच्या घाटावर नर्मदेत डुंबणे आणि समुद्राखाली चाळीस मिनिटे राहणे यांत फार अंतर आहे. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगतो.

कुठे जायचे आहे

अंदमानच्या राजधानीचे नाव पूर्वी पोर्ट ब्लेअर होते, २०२४ मध्ये ते श्री विजय पुरम झाले. तेथून ईशान्येला साधारण ४० किलोमीटरवर स्वराज द्वीप आहे. हेच पूर्वीचे हॅवलॉक. २०१८ मध्ये त्याचे नाव बदलले. बोटीने दीड ते अडीच तास लागतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवले गेले, म्हणून गावांची नावे गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर अशी आहेत आणि बाजारात बंगाली ऐकू येते. घर सोडून दूर वसलेल्या लोकांनी आपली भाषा जपलेली पाहून आम्हा इंदूरकरांना तरी आपलेपणा वाटला.

या बेटाच्या भोवती उथळ पाण्यात प्रवाळांच्या वसाहती आहेत. डिसेंबर ते एप्रिल या काळात समुद्र बहुधा शांत असतो, पाणी स्वच्छ असते आणि कोमटही असते.

पोवळे आणि प्रवाळ

आजीच्या अंगठीतले पोवळे बहुतेकांनी पाहिले असेल. नवरत्नांत त्याचा मान आहे. पण हिरा किंवा माणिक जसे खनिज असते, तसे पोवळे नसते. ते एका सागरी प्राण्याच्या समूहाने तयार केलेला सांगाडा आहे. दागिन्यांतले पारंपरिक तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. अंदमानच्या उथळ पाण्यातले प्रवाळ त्याचे नातलग आहेत, पण त्यांचा संसार निराळा आहे.

प्रवाळ म्हणजे दगडही नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे. एकेक प्राणी बहुधा काही मिलिमीटरचा असतो. पिशवीसारखे शरीर, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक शुंडके. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्याभोवती कठीण वाटी बांधतो. असे हजारो-लाखो जीव एकमेकांना चिकटून राहतात. जुने मरतात, त्यांच्या सांगाड्यावर नवे बसतात आणि शेकडो-हजारो वर्षांत त्याची भिंत उभी राहते. तिलाच प्रवाळभित्ती म्हणतात.

या प्राण्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला राहायला जागा देतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूमुळेच असतो. प्रकाशाची गरज असल्यामुळे हे प्रवाळ स्वच्छ आणि उथळ पाण्यात वाढतात. जगाच्या समुद्रतळापैकी १ टक्क्याहूनही कमी जागा प्रवाळभित्तींनी व्यापली आहे, पण समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींना त्यांचा आधार आहे.

स्कूबा म्हणजे काय

'स्कूबा' हा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून झालेला शब्द आहे. त्याचा अर्थ, पाण्याखाली स्वतःजवळच बाळगलेले श्वसनाचे साधन. पूर्वीच्या पाणबुड्यांना वरच्या बोटीतून नळीने हवा पुरवावी लागे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या सिलिंडरमधून, श्वास घ्यावा तेव्हाच आणि हवी तेवढीच हवा देणारे साधन तयार केले. आजची साधने त्याच तत्त्वावर चालतात.

इथे एक गैरसमज दूर करू. या सिलिंडरला लोक सर्रास 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतात. त्यात नेहमीची हवाच दाबून भरलेली असते, म्हणजे सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरपेक्षा खोल गेल्यास तो विषारी ठरू शकतो आणि माणसाला झटके येऊ शकतात.

बाकीचा सरंजाम असा. डोळे व नाक झाकणारा मास्क, पायात रबरी पंख, हवा भरता व सोडता येईल असे जॅकेट आणि कमरेला शिशाची वजने. वजने कशासाठी, तर आपले शरीर आणि अंगावरचा पोशाख पाण्यात तरंगू पाहतो, त्यावर उतारा म्हणून. जॅकेटमधली हवा कमीजास्त करून ना वर ना खाली असे अधांतरी राहता येते.

पहिला नियम: श्वास रोखायचा नाही

नववीच्या विद्यार्थ्यांना बॉइलचा नियम ठाऊक असेल. तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला, तर त्याचे आकारमान निम्मे होते. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर १, १० मीटरवर २ आणि २० मीटरवर ३.

आता समजा, १० मीटरवर आपण छातीभर हवा घेतली आणि घाबरून तोंड मिटून सरळ वर आलो. वर येईपर्यंत त्या हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहील, पण फुफ्फुसे काही दुप्पट होऊ शकत नाहीत. त्यांना इजा होते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून प्राणावरही बेतू शकते. हे दीड-दोन मीटर खोलीवरूनही होऊ शकते. तेव्हा 'उथळच तर आहे' या भरवशावर राहू नये.

नदीत किंवा तरणतलावात आपल्याला नेमके उलटे शिकवलेले असते. दम धर आणि बुडी मार. चांगले पोहणारी मुले म्हणूनच इथे चुकू शकतात. स्कूबात पहिला नियम एकच आहे. श्वास संथ चालू ठेवायचा, तो कधीही रोखायचा नाही. आणि वर यायचे ते सावकाश, मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेगाने नाही.

सावकाश येण्याचे आणखी एक कारण आहे. दाबाखाली नायट्रोजन रक्तात व स्नायूंत विरघळतो. गोळी सोड्याची बाटली एकदम फोडली की फस्सकन फेस येतो, हळूहळू उघडली तर येत नाही. शरीराचेही तसेच आहे. याच कारणाने बुडी मारल्यावर लगेच विमानात बसत नाहीत, कारण वर हवेचा दाब आणखी कमी होतो. एकच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि एकाहून अधिक मारल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. सहलीचा कार्यक्रम आखताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

कानाची गोष्ट

खाली जाताना दाबाचा पहिला त्रास कानांना होतो. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरायचे आणि बंद नाकातून अगदी हलकेच हवा ढकलायची. दर मीटरभर खाली गेले की हे करायचे, आणि दुखायला लागण्याआधी करायचे.

आमच्यापैकी एकाला त्या दिवशी सर्दी होती. बुडीपूर्वी प्रकृतीविषयी एक छापील पत्रक भरून घेतात. त्यात सर्दीचा प्रश्न होता. एवढ्या दूर आलो आणि नको म्हणाले तर, या भीतीने आम्ही तिथे 'नाही' लिहिले. तीन मीटरवर कानात अशी कळ आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. हाताने खूण करून सांगताच प्रशिक्षकाने सावकाश वर आणले. बुडी तिथेच संपली आणि पुढचे आठ-दहा दिवस त्या कानाने नीट ऐकू येत नव्हते. दोष कोणाचाच नव्हता, आमच्या खोट्या उत्तराचा होता. वर्गात रोज मुलांना 'खरे बोला' म्हणून सांगणाऱ्यांनी हे करावे याची आम्हाला आजही लाज वाटते. पण मुलांनी तसे करू नये म्हणून इथे मोकळेपणाने लिहीत आहोत.

खाली काय दिसते

दुसऱ्या दिवशी आमच्यातले दुसरे शिक्षक उतरले. त्यांनी सांगितलेले असे. पाण्याखाली प्रथम रंग बदलतात. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेते, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सर्वांत खोलवर जातो. त्यामुळे १० मीटरवर लाल सदरा मळकट करडा दिसतो. विजेरी लावली की तोच पुन्हा लालभडक होतो. मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, म्हणून वर आल्यावर प्रत्येक जण आपण पाहिलेला मासा मोठा करून सांगतो, आणि यात लबाडी नसते! बोलता येत नाही, म्हणून खुणा पाठ कराव्या लागतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला' असा होतो. 'ठीक आहे' हे सांगायला अंगठा व तर्जनी जुळवून गोल करतात.

समुद्रफुलाच्या विषारी शुंडकांत विदूषक मासा बिनधास्त राहतो, कारण अंगावरच्या चिकट थरामुळे त्याला डंख लागत नाही. पोपट मासा आपल्या चोचीने खडकावरचे शैवाल खरवडून खातो. कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. सोबत पोटात गेलेला चुना दळला जाऊन वाळूच्या रूपाने बाहेर पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो, तीत या माशांच्या पोटातून गेलेली वाळूही असते. एक छोटा मासा तर चक्क साफसफाईचे दुकान मांडून बसतो. मोठे मासे रांगेने येतात आणि तो त्यांच्या अंगावरचे, तोंडातलेसुद्धा परजीवी वेचून खातो. मोठा मासा त्याला गिळत नाही.

दुसरा नियम: हात लावायचा नाही

हे सगळे पाहत असताना त्यांचा तोल गेला. आपण फार खाली चाललो असे वाटून त्यांनी समोर दिसली ती फांदी धरली. ती प्रवाळाची होती आणि हातातच मोडली. तुकडा करंगळीएवढा होता. प्रशिक्षकाने तो त्यांच्या हातातून घेऊन अलगद खाली ठेवला आणि काही बोलला नाही. बोटीवर आल्यावर त्यांनी माफी मागितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, रोज कोणी ना कोणी धरतोच."

करंगळीएवढी वाढ परत मिळवायला भराभर वाढणाऱ्या फांदीच्या जातीला साधारण वर्ष लागते. गोल दगडासारख्या दिसणाऱ्या प्रवाळाला तेवढ्यासाठी पाच-सहा वर्षेही लागू शकतात, कारण तो वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतो. एका माणसाने एक फांदी मोडली तर भित्ती मरत नाही. पण 'रोज कोणी ना कोणी' हा हिशेब मात्र मोठा आहे. पायातले पंख आपटतात, उडालेली वाळू प्रवाळांवर बसते, फोटोसाठी कोणी त्यावर उभे राहते. उन्हापासून बचाव करणाऱ्या काही मलमांतली रसायनेही प्रवाळाला बाधक ठरतात. हवाई बेटांवर अशा दोन रसायनांची मलमे विकण्यावर २०२१ पासून बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा पोशाख घातला तर मलमाची गरजच कमी होते.

हात न लावणे आपल्याही हिताचे आहे. प्रवाळाने खरचटलेली जखम लवकर भरत नाही, आणि दगडासारखा दिसणारा दगडमासा अतिशय विषारी असतो. आणखी एक गोष्ट. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून पिशवीत घालू नये.

प्रवाळ पांढरे का पडतात

उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकतो. मग पारदर्शक शरीरातून आतला पांढरा सांगाडा दिसतो. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते. नाही निवले तर तो मरतो.

अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी मोठे विरंजन झाले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानकडचा काही समुद्रतळ वर उचलला गेला आणि तिथले प्रवाळ उघडे पडून मेले. जगभरात एकाच वेळी पसरलेली चौथी विरंजनाची लाट चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्या वर्षी आपल्या लक्षद्वीपलाही तिचा मोठा फटका बसला. समुद्र तापण्याचे मुख्य कारण कोळसा, पेट्रोल, डिझेल यांच्या ज्वलनातून होणारा कर्बवायू आहे. तो आपल्या इंदुरातूनही जातो, तेव्हा समुद्र दूर आहे म्हणून आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही.

दोन विरंजनांच्या मधल्या शांत वर्षांत प्रवाळ पुन्हा वाढू शकतात. मात्र ही मधली वर्षे आता कमी होत चालली आहेत. आजारातून उठलेल्या माणसाला जसे धक्के लागू देत नाहीत, तसेच इथे आहे. पाण्याची उष्णता पाहुण्याला कमी करता येत नाही, पण आपला धक्का टाळणे त्याच्या हातात असते.

मग मुलांनी उतरावे का?

आमचे मत विचाराल, तर उतरावे, पण पुढील गोष्टी पाहून.

वय किमान १० पूर्ण असावे. बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांचा तसा दंडक आहे. पहिल्या अनुभवाच्या बुडीची मर्यादा १२ मीटर असते, मुलांना त्याहून उथळच ठेवावे. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये. पत्रक पालकांनी स्वतः आणि खरे भरावे. सर्दी झाली तर त्या दिवशी बुडी नाही, पैसे गेले तरी चालतील.

केंद्र निवडताना स्वस्त-महाग बघण्याआधी चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र दाखवता का? एका प्रशिक्षकामागे किती मुले? उथळ पाण्यात आधी सराव घेता का? बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन असतो का? (सिलिंडरमधली हवा वेगळी आणि हा ऑक्सिजन वेगळा, हे आता मुलेच तुम्हाला सांगतील.) पहिल्या बुडीला एका मुलामागे एक प्रशिक्षक असावा, असा आमचा आग्रह राहील. उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर दुसरे केंद्र पाहावे.

शाळेच्या कार्यक्रमात बुडीनंतर पूर्ण एक दिवस विमानप्रवास नसावा, अशी विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. ज्या मुलांना उतरायचे नाही, त्यांना भित्रे म्हणून चिडवू नये. काचेच्या तळाच्या बोटीतून किंवा स्नॉर्केल लावून वरूनही प्रवाळ छान दिसतात.

विद्यार्थी मित्रहो, तोवर घरी एक प्रयोग करा. बादलीत पाणी घ्या. रिकामा काचेचा पेला पालथा धरून सरळ खाली दाबा. आत हवा राहते, पण पाणी थोडेसे वर चढते. ते का चढले याचे उत्तर या लेखात आहे. पुढील तासाला आम्ही विचारणार आहोत.

सहलीची संमतिपत्रके आणि प्रकृतीची पत्रके शाळेच्या कार्यालयात मिळतील. या वेळी संमतिपत्रकात पालकांच्या सहीखाली विद्यार्थ्याच्या सहीसाठीही एक ओळ ठेवली आहे: 'मी श्वास रोखणार नाही आणि हात लावणार नाही.' त्या ओळीखाली पहिल्या दोन सह्या आम्ही केल्या आहेत.